रक्त आधी, सुई मग

आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, फौजेतले सुभेदार. रिटायर होऊन आष्ट्याजवळ ऊस करू लागले, तरी जेवणसुद्धा घड्याळाच्या ठोक्याला. तोडलेल्या उसाच्या बुडख्यावर पाय पडला, त्यात साखरेचा आजार. जखम चिघळून पू हाडापर्यंत गेला, तेव्हा त्यांना सांगलीला ॲडमिट केलं.

डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन जालीम आहे. कमी पडलं तर पू हटत नाही, जास्त झालं तर किडन्या जातात. म्हणून पुढचा डोस द्यायच्या अगदी आधी रक्त घ्यायचं आणि औषध किती उरलंय ते बघायचं. एवढी साधी गोष्ट! तीही धड झाली नाही.

त्या सकाळी मी डबा घेऊन पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. लॅबवाल्याला उशीर झाला, सिस्टर म्हणाली थांबू या. आबा उखडले. "टायम म्हंजे टायम! फौजेत असलं चाललं असतं व्हय?" रात्री सोबतीला थांबलेल्या माझ्या चुलत्यांनीही तिच्यावर आवाज चढवला. बिचारीनं घाबरून सलाइनमधून औषध सोडलं. ते संपतंय तोवर लॅबवाला आला आणि रक्त घेऊन गेला. त्यानं विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. मला हे सगळं मागाहून कळलं.

रिपोर्टात औषध भलतंच जास्त. येणारच की! किडनीच्या काळजीनं डोस निम्म्यावर आणला. औषध कमी झालं म्हणून आबा खूश. आणि ताप पुन्हा चढला, पायाची दोन बोटं काळी पडली.

"रक्त डोसच्या आधी घेतलं होतं का नंतर?" डॉक्टरांनी आता विचारलं. आता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिपोर्ट हातात आला तेव्हा हे सुचलं नाही होय? लॅबवाला म्हणतो, "मला बोलावलं, मी घेतलं." चुलते खिडकीबाहेर बघायला लागले. सगळ्यांनी हात झटकले.

पुन्हा रक्त घ्यायच्या वेळी मी सलाइनपुढं आडवी उभी राहिले. आबा ओरडले, म्हटलं ओरडा. या खेपेला औषध फारच कमी निघालं. डोस वाढवला, ताप उतरला, किडन्या शाबूत राहिल्या. बोटं मात्र कापावी लागली.

ऑपरेशननंतर पट्टीकडं बघत आबा हळूच म्हणाले, "माझंच चुकलं का गं?"

चुलत्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, नाही म्हण.

"व्हय आबा, तुमचंबी चुकलं," मी म्हणाले, आणि त्यांचा पाय धरून ढसाढसा रडले.