मयताच्या घरचे मासे

मी भोयाच्या घरातला. वडील अजून उजनीच्या पाण्यावर जाळं टाकतात, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मुलाखतीतही मी हे छाती काढून सांगितलं होतं. फिशरीजची पदवी, मग इथली, इंग्लंडमधली मास्टर्स, आणि आता लंडनच्या क्रॉयडन भागातल्या एका चॅरिटीत नोकरी. मलावीतल्या खेड्यांत बायकांचे गट तळी खोदून मासे वाढवतात, त्यांना व्हिडिओ कॉलवरून सल्ला देणं हे माझं काम. आफ्रिकेत मी पाऊलही ठेवलेलं नाही. ऑफिसची खिडकी उघडत नाही. व्हिसा या नोकरीच्या खुंट्याला बांधलेला. नोकरी सुटली की देश सुटला.

तळ्यात चिलापी, म्हणजे तिलापिया मासा. ही जात आमच्या लोकांनी उजनीत शिव्या घालत ओळखून घेतली आहे. कोंडून ठेवली की पिलांवर पिलं होतात आणि सगळीच बोटाएवढी राहतात. मधून मधून उपसावीच लागते. पण प्रोजेक्टचा नियम असा, की देणगीदार कॅमेरा घेऊन येईपर्यंत जाळं टाकायचं नाही. तळं भरलेलं दिसलं पाहिजे ना! मी मॅनेजरबाईंना दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "व्हॅलिड पॉइंट." पुढे काही हललं नाही.

एका सकाळी तिकडच्या फील्ड ऑफिसरचा कॉल आला. त्याच्या शेजारी बायकांच्या गटाच्या अध्यक्षीणबाई, माझ्या आईपेक्षा मोठ्या. त्या बोलणार, तो इंग्रजीत सांगणार. गटातल्या एका बाईचा नवरा वारला होता. माणसं लांबून यायला लागली होती. "आज जाळं ओढायचंय. परवानगी द्या."

"मयताला मासे?" माझ्या तोंडून निघूनच गेलं. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही आणि सुतकात मासा उंबऱ्याच्या आत येत नाही.

ऑफिसरने ते तसंच्या तसं सांगितलं. बाई हसल्या. "मग तुमच्याकडे आलेली माणसं उपाशी परत जातात का?"

"नाही हो. शेजारी पिठलं-भाकरी आणतात."

"आमच्याकडे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा आहे. त्याच्याबरोबर काय देऊ, पाणी? तुमचे शेजारी भाकरी आणताना कुणाला विचारतात?"

मी मॅनेजरबाईंना फोन लावला. त्या बर्मिंगहॅमला ट्रेनने निघालेल्या, फोन बंद. पुन्हा लावला. स्क्रीनवर बायका जाळं खांद्यावर घेऊन काठावर उभ्या होत्या आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"तळं आमच्या गावात, कुलूप तुमच्याकडे," बाई म्हणाल्या. ऑफिसर हे सांगताना जरा चाचरला.

"नाही" म्हणणं माझ्या सोयीचं होतं. भाडं, व्हिसा, गावात वडिलांनी चारचौघांत सांगून ठेवलेली माझी लंडनची नोकरी, सगळं त्या एका शब्दात सुरक्षित होतं. मी म्हणालो, "ओढा जाळं. मोठी ठेवा, बारकी काढा. बारकीच जास्त निघतील."

निघालीही. टोपल्या भरल्या. बाईंनी एक मासा फोनजवळ धरला. "एवढाच?"

"कोंडलेला आहे ना," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाई परतल्यावर मीच जाऊन सगळं सांगितलं. लपवाछपवी आपल्याला जमत नाही. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. "तू त्यांच्या फार जवळ गेलास," त्या म्हणाल्या. "कॉल आता दुसरं कुणी घेईल. आणि व्हिसाचं टेन्शन घेऊ नकोस, आम्ही तुला स्पॉन्सर करतोच आहोत."

मी "थँक यू" म्हणालो. आपल्याच तोंडाचा तो शब्द फार लागला.

आता मी नव्या गावांसाठी तळ्याचे नियम लिहितो. देणगीदार येण्याआधी जाळं नाही, हा नियम त्यात राहणार, असं मला सांगून झालंय. खुर्ची तीच, पगार तोच.

परवा ऑफिसरने माझ्या स्वतःच्या फोनवर मेसेज केला. पाहुणे जेवून गेले, मागे राहिलेले मासे वाढू लागलेत, आणि अध्यक्षीणबाई विचारतात, तो भाकरीवाला मुलगा लाइनवर का येत नाही?

गावाशी थेट बोलायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे. मी मेसेज पुन्हा वाचला, फोन पालथा ठेवला आणि पुढचा नियम टाइप करायला घेतला.