वंगनाचा डाग अन् लोनारचा खार

लढाई चालू होती तवा साबन भेटे ना, कापड भेटे ना. चांगलं लुगडं घरात एकच, माह्या लग्नातलं, लाल. नंदेले पाहाले पाव्हने येनार होते, तिनं तेच नेसायचं ठरलं. सासूनं ते ऊन दाखवाले आंगनातल्या बैलगाडीवर टाकलं. वारा सुटला, पदर सरकून चाकाच्या आखाले लागला अन् वंगनानं भरला. हाताच्या पंजाएवढा काळा डाग.

नंद पदर मांडीवर घेऊन डाग नखानं खरवडत बसली. सासू म्हने, "आता फाटकं नेस. म्हनतील, लई काटकसरी पोरगी हाय."

शेजारी मुसलमान रंगारीन राहे, तिले आमी चाची म्हनो. तिनं डाग पाह्यला. "काऊन तोंड पाडून बसली बेटा? तेलाचा डाग तेलच काढते. जुनं तेल हाय का?"

होतं. दिव्याच्या तळाचं, सनाच्या तळनाचं जळकं, सारं सासूनं मडक्यात जमवलेलं. फेकनं तिले ठाऊकच नव्हतं.

चाचीनं तिच्या रंगाईतला, लोनारच्या तळ्याचा खार पान्यात विरघळवला, त्यात चुना टाकला. गाळ खाली बसल्यावर वरचं पानी अलगद काढलं. म्हने, "याच्यात बोट घालू नका, कातडं जाईन."

सासूनं घातलं. मंग बोट ताकात बुडवून बसली अन् तिथूनच हुकूम सोडे, "हलवा व पोरींनो, करपून राह्यलं."

ते पानी अन् तेल नंदेनं अन् मी चुलीवर पाळीपाळीनं घोटलं. खांदे भरून आले. वास असा का दावनीचा बैल बी मान फिरवे. आधी पिठल्यावानी होतं, मंग खरवसावानी घट्ट झालं. साबन झाला होता.

डागाले आधी तेल चोळलं, मंग तो साबन. डाग गेला. त्याच्यासंगं लाल रंगही गेला, तेवढी जागा गुलाबी.

आमी तिघींनी लुगडं उजेडात धरून पाह्यलं. चाची म्हने, "पाहता काय? आता सारंच धुवा."

सारं लुगडं गुलाबी झालं.

पाव्हन्यांतल्या म्हातारीनं पदर बोटात धरला. "हा रंग कुठचा व? नांदुऱ्याच्या बाजारात तं नाई पाह्यला."

सासू बोटाची चिंधी लपवत म्हने, "घरचाच हाय. पोरींनी केला, शेजारच्या चाचीच्या हाताखाली."

"हिनं बी?"

"घोटघोट घोटलं हिनं. हात पाहा तिचे."

म्हातारीनं नंदेचे हात पाह्यले अन् हसली. नंदेले बी हसू आवरे ना. लग्न तिथंच ठरलं.

सासरी जातांना नंदेनं उरलेला साबन मागून नेला. लुगडं मले वापस देलं. ते गुलाबीच मी फाटेपर्यंत नेसली, अन् मंग त्याची गोधडी शिवली.