तोंड फिरवलेले सिंह

दूध वर येत होतं, ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी दार ठोठावलं. गॅस बंद करून दार उघडलं, तर ओळंबा.

खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागेल. गवंडी. खिशात कायम ओळंब्याची दोरी. कुणाच्याही घरात शिरला की आधी भिंत सरळ आहे का ते बघणार, मग माणसांकडे. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला तो एकदा "पोट सुटलंय" म्हणाला, आणि ह्यांनी उगाचच आपलं पोट आत घेतलं होतं.

"बसा भाऊ."

"बसत नाही." ओट्यापासून खिडकीपर्यंत त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. "वहिनी, त्या पाटीचा मजकूर गेला का?"

पाटी गावाबाहेरच्या जुन्या इस्टेटीची. तिथलं नक्षीदार लोखंडी फाटक, दोन बाजूंचे दगडी खांब आणि खांबांवरचे सिंह दीडशे वर्षांचे. मालकीणबाईंनी माहितीची दगडी पाटी लावायचं ठरवलं. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं, पाटी बसवायचं ओळंब्याकडे. कोरणारा दहा वाजता कागद न्यायला येणार होता.

"अजून इथेच आहे. वाचू?"

"सिंहांचं तेवढं वाचा."

"'एकमेकांकडे न पाहता दोन दिशांना पाहणारे हे सिंह म्हणजे शिल्पकाराच्या कल्पकतेचा नमुना.'" वाक्य मला चांगलंच जमलं होतं, खोटं कशाला बोलू.

त्यानं कपाळावर हात मारला. "कसली कल्पकता! माझा गाढवपणा आहे तो."

मोजा शोधणारे हे जागच्या जागी थांबले.

एकतीस वर्षांपूर्वी वादळात झाड पडून ते खांब खिळखिळे झाले. सिंह उतरवून त्याच दगडांनी खांब पुन्हा बांधायचं काम ओळंब्याला मिळालं. स्वतःच्या जबाबदारीवरचं पहिलंच. सिंह परत चढवायच्या दिवशी निरोप आला, बायकोला दवाखान्यात नेलंय. त्या घाईतही त्यानं ओळंबा लावला, पातळी बघितली, दोन्ही सिंह काटेकोर बसवले. फक्त डावीकडचा उजवीकडे गेला आणि उजवीकडचा डावीकडे. मुळात दोघांच्या माना फाटकाकडे वळलेल्या, येणाऱ्याला न्याहाळणाऱ्या. आता एक शेताकडे बघतो, दुसरा ओढ्याकडे. लेकीचं तोंड बघून तिसऱ्या दिवशी तो परतला, तोवर चुन्यानं घट्ट धरलं होतं आणि जुने मालक "झकास" म्हणून गेले होते.

तेव्हापासून तो ते फाटक टाळून बाजाराला लांबच्या वाटेनं जातो. हे फक्त बायकोला ठाऊक. ती म्हणते, "माझे दोघे दीर असेच रुसायचे, पण त्यांना निदान जेवायला तरी हाक मारता यायची."

"आता ही पाटी माझ्याच हातानं बसवू? ओळंबा लावून?" दोरी तो बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता.

"वाक्यच काढून टाकते." मी पेन उचललं.

"तुम्ही वाक्य काढाल हो. सिंह बघायचे तिकडेच बघणार. गुडघे चालतायत तोवर मला ते उतरवून नीट बसवायचेत. पण आधी मालकीणबाईंना सांगायला हवं. सकाळपासून दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आलो."

"मग?"

तो पहिल्यांदाच एका जागी उभा राहिला.

"वहिनी, आत्ता माझ्याबरोबर चला. बोलायचं ते मी बोलतो. तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहा."