आज गेलेलं पाकीट

आमच्या गावचं पोस्ट मात्रोनाच्या घरातल्या पुढच्या खोलीत आहे. खिडकीतून गोठलेली नदी दिसते. धुकं उतरलं की नदी जाते, पलीकडचा काठ जातो, आणि मात्रोना कुठल्याच गावात नसल्यासारखी बसून राहते. रोज सकाळी ती शिक्क्यातला तारखेचा आकडा बदलते. अलास्काच्या या टोकाला हिवाळ्यात दिवस बदलतो तो तेवढाच.

अशाच एका धुकट दुपारी तिचा आतेभाऊ एवॉन आत आला. आते-मामे भावंडांनी एकमेकांची टर उडवायची, ही आमच्याकडची जुनी रीत.

"जिवंत आहेस का गं म्हातारे?"

"तुझ्या हरकतीचं पाकीट कुठाय? आज शेवटचा दिवस."

नदीकाठी एवॉनचे वडील जिथे मासे वाळवत, ती जागा जमीन कचेरीने भलत्याच्याच नावावर चढवली होती. हरकत आजच्या तारखेपर्यंत टपालात पडायला हवी होती.

"सकाळीच वैमानिकाच्या हातात दिलं! तुझी कटकट कोण ऐकणार?"

"अरे शहाण्या, विमान इथंच अडकलंय. शहरात पोचेल तेव्हा तिथला शिक्का बसेल, तिथल्या तारखेचा. आज दिलंस हे कोण मानेल?"

एवॉन तसाच दाराकडे वळला.

मात्रोनाने शिक्का आणि शाईची गादी कोटात घातली. दोघं धावपट्टीकडे निघाली. पांढऱ्यात पांढरं, स्वतःची पावलंसुद्धा दुसऱ्याच कुणाची वाटत होती. विमान अगदी नाकाशी आलं तेव्हा दिसलं. वैमानिकाने खिशातून पाकीट काढून दिलं. मात्रोनाने शिक्का मारला. कोरा. शाई थिजली होती.

"शर्ट वर कर," ती एवॉनला म्हणाली, आणि गादी त्याच्या पोटाला लावली.

"मेलो गं!"

"ओरडू नकोस. जन्मात पहिल्यांदा हे पोट कामाला येतंय."

तिने पुन्हा शिक्का मारला. तारीख उमटली, ठसठशीत. मात्रोनाने पाकीट वैमानिकाकडे परत दिलं आणि एवॉनला तिथेच पावती लिहून दिली.

धुकं पुढे कितीतरी दिवस हललं नाही. एवॉन रोज पोस्टात यायचा, खिडकीला नाक लावायचा.

"अजून तिथंच असेल गं विमान."

"असू दे. तुझं पाकीट गेलंय."

"कुठं गेलंय? इथंच तर आहे!"

"गेलंय," मात्रोना म्हणाली, आणि त्याच्यासाठी चहा ओतू लागली.