पठाणाला बायकोचं विचारलं

नव्वद सालानंतरची गोष्ट. तिकडं आखातात, तुबलीच्या गॅरेजात मी गाड्यांचे पत्रे ठोकायचो. शेजारी वेल्डिंगला एक पठाण. आम्ही त्याला लाला म्हणायचो. गडी सात वर्षं डोंगरात बंदूक घेऊन लढलेला. मला चौकशीची खोड. जेवायच्या सुट्टीत त्याला सोडायचो नाही. बर्फात झोपायचात कसे? खायचात काय? तो हसत सांगायचा. खिशात सुकी तुती आणि अक्रोड. बूट पायातच ठेवून झोपायचं. गोळी लागली तरी ओरडायचं नाही. ओरडला तर तो मर्द नाही, गाव नावं ठेवणार.

एकदा सहज विचारलं, "लाला, बीवी कैसी है? नाम क्या उसका?" आमच्या गावात घरच्यांची चौकशी केली नाही तर माणूस शिष्ट ठरतो. त्यानं हातातला घास खाली ठेवला.

"हमारा औरत का तुम क्यों पूछता है?"

उठून गेला. गॅरेजात गाड्या रंगवणारा रंगारी म्हणाला, "यांच्यात बाईचं नाव विचारलं तर सुरी निघते. वाचलास." आठवडाभर लाला माझ्याशी बोलला नाही.

त्याच आठवड्यात गावाहून फोन आला. बायकोच्या पोटात गाठ, ऑपरेशन करायचं. मी रजा मागितली नाही. लालाचं ऐकून ऐकून माझ्याही अंगात मर्दानगी शिरलेली. रंगाऱ्याला ऐटीत म्हटलं, "मैं क्या डॉक्टर है? मर्द का काम इधर है."

पलीकडं वेल्डिंग थांबलं. लाला तोंडावरची काच वर करून आला.

"पागल है तुम? हमको भी पहाड़ पर खबर आया था, औरत बीमार है. तीन दिन का रास्ता था. हम सोचा, लड़ाई छोड़ के औरत के पास जाएगा तो लोग हँसेगा. नहीं गया. बाद में कब्र देखा."

त्यानं माझं मनगट धरलं. "यल्ला, चलो." ओढतच मुदीरकडं, म्हणजे आमच्या मॅनेजरकडं नेलं आणि मोडक्या अरबीत माझी रजा त्यानंच मागितली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात पोचलो. बायको खाटेवरून म्हणाली, "अहो, नोकरी सोडून आलात की काय? तुम्ही येऊन काय गाठ विरघळणार आहे?" बोलली तशी, पण माझी बाही धरून ठेवली.

त्यातून ती उठली. पुढं पुष्कळ वर्षं भांडलो, जगलो. मागल्या साली गेली.

लाला आता कुठं असेल, ठाऊक नाही. भेटला तर विचारीन, बायको गेल्यावर माणसानं दुपार कशी काढायची? या वेळेला उठून गेला तरी हात धरून बसवीन.