माशाचे गुण आणि खुंटीवरची माळ

आमच्या घराण्यात सात पिढ्या कोणी मासा चाखला नाही, असं अमरावतीत लोक आजही आदराने सांगतात. मी सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा सातव्या पिढीबद्दल थोडं बोलावं म्हणतो. सातवी पिढी म्हणजे मी.

अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडातल्या कापसाचं एकाएकी सोनं झालं. लोक बैलांची शिंगं चांदीने मढवू लागले, मी एका गोऱ्या व्यापाऱ्याकडे कारकून लागलो. कापसाची धूळ छातीत बसून खोकला जडला. अकोल्याहून येणारा साहेबाचा डॉक्टर म्हणाला, मासा खा. मी कानांवर हात ठेवले. मग साहेबाच्या बंगल्यावर खानसाम्याने पूर्णा नदीचा रोहू तळला आणि तेच हात आपोआप ताटलीकडे गेले.

धर्म मात्र सोडला नाही. खाण्याआधी गळ्यातली तुळशीची माळ काढून साहेबाच्या टोपीशेजारी खुंटीला अडकवायची, मासा खायचा, चूळ भरायची आणि माळ पुन्हा गळ्यात. माळ उपाशी, मी तृप्त. दोन-तीन महिन्यांत खोकला गेला, गाल वर आले. कोणी विचारलं की मी डोळे मिटून सांगे, "नामस्मरण."

त्याच सुमारास, दुसऱ्या बाळंतपणानंतर, बायकोला दिवेलागणीपासून दिसेनासं झालं. समोरची समई ती चाचपडत शोधे. अचलपूरच्या वैद्याने सांगितलं, माशाचं काळीज खाऊ घाला. साहेबाच्या डॉक्टरला विचारलं, तर त्याने विलायतेहून आलेली बाटली हातात दिली. आत माशाच्याच काळजाचं तेल. पूर्व आणि पश्चिम यांचं कधी नव्हे ते एकमत झालं होतं. विरोध उरला फक्त आमच्या गल्लीचा. बाटली मी घराच्या वाटेवरच नाल्यात ओतली. वासाने घराण्याची अब्रू गेली असती ना!

वैद्याच्याच सांगण्यावरून मासे विकणारी भोईण एके दिवशी मागच्या दाराशी आली.

"काळीज भाजून आनलं हाये, बाई. खाऊन घे. कोनाले समजते?"

बायको माझ्याकडे वळली. "तुमी हो म्हना. एवढंच म्हना."

पुढच्या ओट्यावर चार माळकरी बसले होते. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी भोइणीवर ओरडलो, "आमचं घर बाटवाले आली का वं तू?"

"घर नाई बाटत, मालक. डोये जातेत," ती म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी पंचांपुढे उभा राहून मी तिला आमची गल्ली बंद करवली. माझा जयजयकार झाला. त्या दुपारी बंगल्यावर रोहूच होता, आणि मी दोन तुकडे जास्त घेतले.

वर्षभरात बायकोला दिवसाही दिसेनासं झालं. वैद्य आणि डॉक्टर यांचं याही वेळी एकमत झालं: उशीर झाला. लोक म्हणाले, दैव. मीही म्हणालो, दैव. दैव बिचारं उलटून बोलत नाही.

तर नोंद दुरुस्त करा. त्या भोइणीने काहीही बाटवलं नाही. बाटलेला माणूस घरातच होता, आणि त्याची प्रकृती उत्तम होती.

हे सगळं आधी बायकोला वाचून दाखवलं. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. हात थांबले. मला वाटलं, शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या.

"चव कशी असते त्याची?" तिने विचारलं.

"चांगली असते."

"चांगली म्हंजे कशी? चाळीस वर्सं झाले, आता तं नीट सांगा."

"मऊ असतो. थोडा गोडसर. काटे तेवढे जपून काढावे लागतात."

तिने पुढची शेंग हातात घेतली.

"काटे मी काढले असते जी. तवा मले दिवसा दिसत होतं."