धामणीच्या धनुष्याला गेलेले तडे

राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, तेव्हाची ही गोष्ट. बऱ्हाणपूरच्या तहसील कचेरीतले माझ्या सासऱ्यांचे बरेच मराठी सोबती बदली मागून जळगाव-अकोल्याकडे गेले. मामंजी राहिले. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिल्याने आता कागद हिंदीत लिहायचे होते, म्हणून पन्नाशी उलटल्यावर ते रोज एक टिपण लिहीत आणि वयाने मुलासारख्या साहेबाला चुका दाखवायला सांगत. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत कवायत शिकवायचे. शाळेच्या मेळाव्यात मुलींनी तिरंदाजी करून दाखवावी, असं माझ्या मनात आलं. शाळेत धनुष्य नव्हतं. मामंजी म्हणाले, मी करतो. लहानपणी निंबोला गावच्या शेतात राखणीला त्यांनी धनुष्यं केली होती. शाहपूरच्या एका सुताराकडून त्यांनी धामणीच्या झाडाचा ओला दांडा आणला. हे लाकूड वाकतं, पण सहज मोडत नाही. मेळावा तीन आठवड्यांवर होता, तेव्हा दांडा लवकर वाळावा म्हणून त्यांनी तो चुलीजवळ उभा केला.

धनुष्य छान झालं. मुलींनी हात फिरवून पाहिलं. मेळाव्याच्या आदल्या दिवशी मामंजींनी ते मागून घेतलं, त्याच्या पाठीवर कचेरीतली काळी शाई चोळली आणि ओल्या फडक्याने पुसली. लाकूड स्वच्छ झालं, पण जिथे शाई चिरांत मुरली तिथे चार बारीक काळ्या रेघा राहिल्या. तीन लाकडाच्या धाग्याबरोबर उभ्या गेल्या होत्या. चौथी मुठीच्या वर तिरपी होऊन कडेला निघाली होती.

मला त्यांनी जवळ बोलावून समजावलं. उभ्या चिरेत सरस भरून वरून धागा आवळला तर ती पुढे जात नाही. तिरपीला इलाज नाही. शिवाय दांडा चुलीजवळ ठेवला ही आपलीच चूक, असंही सांगितलं.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, तेवढ्यात घरी आल्या. मेळाव्याच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्यांनी धनुष्य उलटंपालटं केलं. एवढ्याशा रेघेने काय होतं, वरून लाल रंग द्या, एक दिवस निघून जाईल, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

मामंजी म्हणाले, "बाई, दोरी ताणली की पोरीचा गाल या चिरेपासून हातभरावर असतो."

मग त्यांनी धनुष्याची मूठ अंगणातल्या खांबाला बांधली, दोरीला सोल म्हणजे लांब जाड दोर अडकवला आणि आम्हाला मागे उभं केलं. स्वतः दूर जाऊन हळूहळू ओढू लागले. बाण सोडताना ताणतात तेवढंही ताणलं नव्हतं. कडकन आवाज झाला आणि वरचा तुकडा खांबावर आपटून अंगणाच्या पार टोकाला जाऊन पडला.

बाईंनी तो उचलून आणला. मोडलेल्या टोकावरची तिरपी काळी रेघ बोटाने चाचपली. "मुलींना मी सांगते," एवढंच म्हणाल्या.

मेळाव्यात मुलींनी लेझीम केलं. दोघी-तिघी माझ्यावर रुसल्या होत्या. त्याच आठवड्यात मामंजी शाहपूरला जाऊन दुसरा दांडा घेऊन आले. या वेळी सावकाश वाळावा म्हणून दोन्ही टोकांना मेण लावून तो माळ्यावर सावलीत ठेवला. केळीच्या बागांवरून उन्हाळ्याचा गरम वारा वाहायला लागला तेव्हाच खाली काढला. तासून झाल्यावर पुन्हा शाई लावली. एक उभी रेघ निघाली. सिंधीपुऱ्यातल्या विणकराकडून रेशमाचा धागा आणून त्यांनी तिथे सरसात भिजवून घट्ट वेढे घातले. कुणी विचारलं तर आधी ती चीरच दाखवायचे.

शाळेत देण्याआधी त्यांनी ते स्वतः शंभर वेळा ताणलं. मी मोजत होते. साठाच्या पुढे ते दर वेळी थांबून दम घ्यायला लागले. मी म्हटलं, मामंजी, पुरे आता. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि पुढचा आकडा विचारला.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी नोकरी सोडली तेव्हाही मुली तेच धनुष्य वापरत होत्या.